सुतकातला मासा

माझ्या घरात समुद्राचा मासा आहे असं सांगितलं की लोक आधी माझ्याकडे बघतात आणि मग एकमेकांकडे. एकटी राहून राहून म्हातारीचं डोकं फिरलं, असा त्याचा अर्थ. फिरू दे. पण मासा आहे. सोलापुरात, रेल्वे लाइन्समध्ये, पुढच्या खोलीत काचेची टाकी आहे, टाकीत खारं पाणी आहे आणि त्यात एक पिवळसर मासा आहे. अंगावर पाच काळे पट्टे. त्याचं लांबलचक लॅटिन नाव आमच्या ह्यांना पाठ होतं. मी त्याला पट्टेवाला म्हणते.

हे म्हणजे प्रोफेसर चिंतामणी दुधनीकर. कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायचे. एकाहत्तर साली मुलांची सहल रत्नागिरीला नेली आणि परत येताना करंगळीएवढा मासा आणि समुद्राच्या पाण्याच्या बारा बरण्या घेऊन आले. मी म्हटलं, "अहो, निदान फणसपोळी तरी आणायची." तर म्हणाले, "बरण्यांमुळे जागाच नव्हती गं." पुढच्याच वर्षी दुष्काळ पडला. सगळी गल्ली हंडे घेऊन टँकरच्या रांगेत, आणि आमच्या मागच्या खोलीत बारा बरण्या पाणी, पण एक घोट प्यायचा नाही! मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

चौऱ्याहत्तरच्या श्रावणात हे झोपेतच गेले. कुणाला काही सांगून जायची सवय त्यांना नव्हतीच. मुकुंद, माझा मुलगा, भिलाईला असतो. तो म्हणाला, "आई, मासा कॉलेजला देऊन टाक आणि तू माझ्याकडे ये." मी दोन्ही केलं नाही. मासा दिला असता तर ह्या घरात हलणारं दुसरं काही उरलं नसतं. आणि सुनेच्या घरात मी तरी कुठं हलणार होते!

मग काय, मी आणि पट्टेवाला. ज्या स्वयंपाकघरात चातुर्मासात कांदा शिरला नाही, तिथं मी जवळ्याची बरणी ठेवायला लागले. सुका जवळा भांडीवाली बाजारातून आणून देते. मी नाकाला पदर लावून चिमट्यानं चार कोळंब्या वाटीत टाकते, भिजवते आणि त्याला घालते. भांडीवाली सकाळी अर्धा तास येते, ती गेली की दिवसभर बोलायला तोच. त्याला ऐकू येतं की नाही, देव जाणे. ह्यांना विचारायचं राहून गेलं.

पाण्यात सतत हवा सोडावी लागते, नाहीतर मासा गुदमरतो. त्यासाठी ह्यांनी आणि प्रयोगशाळेतल्या सिद्धलिंगप्पानं मिळून एक धूड बनवलं होतं. टेबलफॅनची मोटर आणि चामड्याचा भाता. खडखडाट एवढा की मी ते घरात येऊच दिलं नाही. व्हरांड्यात ठेवलं आणि रबरी नळी खिडकीतून आत घेतली. पाच वर्षं ते खडखडत होतं, मी त्याला शिव्या देत होते. यंदा दिवाळी झाली आणि एका सकाळी ते बंद पडलं. त्या शांततेनंच मी दचकून जागी झाले.

मोटर जळली होती. मुकुंदला तार केली. त्यानं मुंबईच्या मित्राकरवी नवा पंप पाठवला. पार्सल यायला आठ दिवस लागले. ते आठ दिवस मी तासातासानं तांब्यानं टाकीतलं पाणी उचलून वरून पुन्हा टाकीत ओतत होते, म्हणजे त्यात हवा मिसळावी. खांदे असे भरून आले की वेणी घालवेना.

नवा पंप साबणाच्या डबीएवढा. मांजरासारखा घुरघुरतो, बस्स. पण त्याची वायर हातभर, आणि पुढच्या खोलीत प्लग एकच, तो रेडिओचा. त्या कोपऱ्यात फळीवर आमचे देव आणि देवांशेजारी ह्यांचा फोटो. मी रेडिओ काढला आणि पंप फळीवर फोटोखाली ठेवला. तिथून नळी टाकीपर्यंत आणली. नवं यंत्र घरात आलं की त्याला हळदकुंकू लावायचं, फूल वाहायचं. ह्या गावात गिरणीतल्या मागापासून शिवणयंत्रापर्यंत सगळ्यांना तो मान मिळतो, माझ्या पंपानं काय घोडं मारलंय? मी त्याला टिळा लावला. देवांची आणि ह्यांची सकाळ-संध्याकाळची उदबत्ती आता त्याच्याही पुढ्यात लागायला लागली.

पंधरा दिवसांत पट्टेवाला आजारी पडला.

आधी रंग उतरला. पिवळा होता तो धुण्याच्या पाण्यासारखा झाला. मग खाणं सोडलं. मग पाण्याच्या वरच्या अंगाला तोंड लावून नुसता धापा टाकत राहिला. ह्यांनी शिकवलं होतं ते सगळं मी केलं. खारटपणा मोजायची काचेची नळी पाण्यात सोडली, आकडा बरोबर. मागच्या खोलीतल्या दोन बरण्या काढून थोडं पाणी बदललं. खडे धुतले. काही फरक नाही. हा गेला तर ह्या घरात मी सकाळी उठायचं कशासाठी, हा प्रश्न मी पहिल्यांदाच स्वतःला विचारला.

मी पायात चपला घातल्या आणि कॉलेजात गेले. ह्यांच्या माघारी पहिल्यांदाच.

सिद्धलिंगप्पा प्रयोगशाळेत बेडकांच्या बरण्या पुसत होता. मूळचा अक्कलकोटकडचा, घरी कानडी, पन्नाशी उलटलेली. ह्यांच्याबरोबर वीस वर्षं काढलेली. दहाव्याला येऊन ढसाढसा रडून गेला होता, त्यानंतर मी त्याला पाहिलं नव्हतं. म्हटलं, "सिद्धलिंगप्पा, सरांचा मासा जातोय हो."

हातातलं फडकं टाकून तो म्हणाला, "आज सांच्याला येतो, बाई."

आला. साडेपाचला दारात सायकलची घंटी वाजली. चपला काढून त्यानं आधी फोटोला हात जोडले, मग टाकीपुढं उकिडवा बसला. कितीतरी वेळ बघत राहिला. "पंप नवा हाय म्हणून नळीला काय तरी औषध असंल," म्हणाला. नळी काढून उकळली. पंप बंद करून बघितला, तर मासा आणखीच तडफडायला लागला, म्हणून लगेच चालू केला. दुसऱ्या दिवशी कॉलेजातून कसले कसले कागद आणले, ते पाण्यात बुडवून रंग बघितला. तिसऱ्या दिवशी बायकोनं दिलेली पुडी घेऊन आला. "बसम्मानं ऊद दिलाय. हितं रोज निखाऱ्यावर टाका. कुणाची नजर लागली असंल तर उतरंल."

प्रोफेसरांची बायको मी, ह्यांनी ऐकलं असतं तर पोट धरून हसले असते. पण जीव घाबरला की शास्त्र कुठलं आठवतंय! मी ऊद घातला. एवढंच नाही, शनिवारी मीठ-मोहऱ्या-मिरच्या घेऊन त्याची दृष्टही काढली आणि फळीखालीच शेगडीवर टाकली. खकाणा असा उठला की मी आणि सिद्धलिंगप्पा खोकून खोकून बेजार. मासा दुसऱ्या दिवशी आडवाच झाला. मग मी ऊद दुप्पट केला.

आता एक सांगते, आणि हे सांगताना माझी मान खाली जाते. सिद्धलिंगप्पा रोज यायला लागला. गिरणीचा पाचचा भोंगा झाला की मी चहाचं आधण ठेवायची. तो टाकी बघायचा, मान हलवायचा, मग आम्ही दोघं चहा पीत बसायचो. माशाचं बोलता बोलता बोलणं कुठंही जायचं. बसम्माचे गुडघे, नव्या प्राचार्यांचा खाक्या, ह्यांनी एकदा वर्गात खेकडा सोडला होता तो किस्सा. तो किस्सा मला माहीतच नव्हता! दोन वर्षांनी मी मोठ्यानं हसले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. मासा मरणाच्या दारात, आणि मी मेली घड्याळात साडेपाच कधी होतात ते बघतेय.

डिसेंबरच्या सुरुवातीला दुधनीहून निरोप आला. ह्यांचे चुलतभाऊ गेले. म्हणजे दहा दिवस सुतक. देवाला हात लावायचा नाही, दिवा नाही, उदबत्ती नाही. मी सिद्धलिंगप्पाला म्हटलं, "सुतकाच्या घरात चहा द्यायचा कसा तुम्हाला? फिटलं की या." त्यानं एकदा जरी "चहाचं काय एवढं" असं म्हटलं असतं! पण तो रीतीभातीचा माणूस. "व्हय बाई," म्हणाला आणि गेला.

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला ठाऊक. कोपऱ्यात देव अंधारात, ह्यांचा फोटो अंधारात, साडेपाच वाजायचे आणि निघून जायचे. मी टाकीसमोर खुर्ची ओढून बसायची आणि माशाला सांगायची, "बाबा रे, आता तू तरी लवकर काय तो निकाल लाव."

चौथ्या दिवशी तो पाण्याच्या वरून खाली उतरला. सहाव्या दिवशी त्यानं एक कोळंबी खाल्ली. नवव्या दिवशी मी वाटी घेऊन आले तर काचेशी येऊन थयथयाट करायला लागला, रंग हळदीसारखा पिवळा! मला वाटलं, नळी उकळली त्याचा गुण आला असेल. मी टाकीला हात जोडले, सुतकात चालतं की नाही याचा विचारसुद्धा केला नाही.

अकराव्या दिवशी डोक्यावरून न्हाऊन मी देवांची पूजा केली. आनंदानं दोन उदबत्त्या जास्तच लावल्या, बसम्माचा ऊद मूठभर टाकला. आणि संध्याकाळी पट्टेवाला पुन्हा वर. धापा टाकतोय.

मी सकाळपासून काय काय केलं ते बोटांवर मोजलं. मग पुन्हा एक उदबत्ती लावली आणि तिच्याकडे टक लावून बघत राहिले. धूर सरळ वर जात होता आणि वीतभर वर गेल्यावर वाकत होता. पंपाकडे. मी पंप उचलून उलटा केला. बुडाशी हवा ओढायचं छोटं भोक, भोकात बुचाएवढी कापसाची गादी. ती काळीकुट्ट झालेली. नाकाशी नेली तर चंदन आणि ऊद, देवळाच्या गाभाऱ्यासारखा वास.

म्हणजे महिनाभर मी माझ्या हातानं त्याला धूर पाजत होते. जितका तो आजारी पडेल तितका जास्त! जुनं धूड बाहेर व्हरांड्यात होतं, मोकळी हवा ओढत होतं, आणि मी त्याला शिव्या देत होते. मी खूप रडले. मग उठले, कापूस बदलला, एक बरणी नवं पाणी घातलं आणि देव आणि ह्यांचा फोटो उचलून स्वयंपाकघरात नेला. "जन्मात कधी ह्या खोलीत पाऊल टाकलं नाहीत," फोटोला म्हटलं, "आता बसा इथं, माझा स्वयंपाक बघत."

दोन दिवसांत मासा पुन्हा खायला लागला. त्याच संध्याकाळी सायकलची घंटी वाजली.

देवाशपथ सांगते, मी त्याला सगळं सांगणार होते. तोंडापर्यंत आलं होतं. पण मासा नुकताच जेवून दगडाआड विसावला होता. सिद्धलिंगप्पानं दोन कोळंब्या टाकल्या, त्यानं ढुंकून बघितलं नाही. "अजून न्हाय की खात," तो हळहळला. "बरा झाला असता म्हंजे मी सुटलो असतो बाई. सायकलनं हितं यायचं, मग तितनं घरला बाळीवेस. गुडघं माझं बी बोलाय लागलेत."

मी म्हटलं, "नाही ना खात."

तेवढंच. खोटं बोलायला एवढंच लागतं. तो म्हणाला, "बरं, उद्या येतो," आणि मी चहाचं आधण ठेवलं.

दुसऱ्या दिवसापासून मी पाचच्या भोंग्याला पट्टेवाल्याला पोटभर खायला घालायची. साडेपाचला तो कशाला तोंड लावतोय! दगडाआड गपगार पडून राहायचा. सिद्धलिंगप्पा मान हलवायचा. देव कुठं गेले म्हणून त्यानं विचारलं, मी म्हटलं आत नेले, इथं धूळ फार. बसम्माच्या उदाच्या पुड्या मी घेत राहिले आणि मागच्या खोलीत ठेवत राहिले. असा महिना गेला. लाज वाटायची का? वाटायची. पण ती तो गेल्यावर. तो असताना नाही.

संक्रांतीची गड्ड्याची जत्रा झाली. एके दिवशी सिद्धलिंगप्पा आला तो हातात रुंद तोंडाची बरणी आणि जाळी घेऊनच.

"बाई, आता माझ्यानं बघवत न्हाय," तो म्हणाला. "सरांचा मासा माझ्या डोळ्यांदेखत मरायला नको. उद्या पहाटं रत्नागिरीची सहल निघतीया. कुठनं आणला तितंच सोडतो. समुद्राचं पाणी लागलं की आपसूक बरा हुईल." आणि त्यानं बाही वर करून जाळी टाकीत घातलीसुद्धा.

"थांबा!" मी ओरडलेच. "बरा आहे तो."

"कुटं बरा हाय?"

"आहे. हे बघा." मी वाटीतला जवळा चिमटीनं पाण्यात टाकला. पट्टेवाल्यानं पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. अर्ध्या तासापूर्वीच मी त्याला गच्च जेवू घातलं होतं ना! कोळंबी त्याच्या तोंडासमोरून हळूहळू तळाशी गेली.

सिद्धलिंगप्पा समजुतीच्या आवाजात म्हणाला, "बाई, माया मला बी हाय. पर धरून ठेवून काय उपेग?" आणि जाळी दगडाकडे सरकवली.

मग मला बोलावंच लागलं. "मी त्याला पाच वाजता खायला घालते. रोज. तुम्ही यायच्या आधी. त्यानं तुमच्यासमोर खाऊ नये म्हणून."

जाळी पाण्यातच राहिली. मी सगळं सांगून टाकलं. पंप, धूर, काळा कापूस, सुतक. उदाचं ऐकून त्यानं कपाळाला हात लावला. "बसम्माचा ऊद? आणि मीच आणून देत हुतो?" मग म्हणाला, "म्हंजे सुतक फिटल्यापासनं बरा हाय?"

"हो."

"मग सांगायचं की, बाई."

"सांगितलं असतं तर तुम्ही आला नसता."

"असं कसं म्हणता? आलो असतो की. असाच."

"असेच?" माझा आवाज चढला, मला आवरता आला नाही. "दोन वर्षांत आलात का असेच? एकदा तरी?"

त्यानं जाळी बाहेर काढली. तिचं पाणी फरशीवर गळत होतं, ते तो पायानं पुसत राहिला. मी त्याला सोडवलं नाही.

"न्हाय आलो," तो शेवटी म्हणाला. "दोनदा कोपऱ्यापातूर येऊन मागारी गेलो. सर न्हाईत, मग हितं येऊन तुमच्याशी काय बोलायचं, मला उमजंना. माशाचं बोलता येत हुतं."

मी चहा केला. आम्ही बसलो. बसम्माचे गुडघे कसे आहेत, मी विचारलं. बरे आहेत म्हणाला. यंदा गड्ड्याला गर्दी फार होती, तो म्हणाला. हो, मी म्हटलं, ऐकलं. एरवी तासभर पुरणारं बोलणं पाच मिनिटांत संपलं. दोघंही टाकीकडे बघत राहिलो, आणि टाकीत तर सगळं ठीक होतं. त्यानं कपबशी स्वतः विसळून पालथी घातली, रिकामी बरणी सायकलला बांधली आणि दारात उभं राहून मला म्हणाला, "बरं झालं बाई, मासा वाचला."

सहलीहून कॉलेजची मुलं परत आली, म्हणजे सिद्धलिंगप्पाही आला असणार. त्या दिवशी मी पाचला पट्टेवाल्याला खायला घातलं नाही. कुणी आलंच तर त्याला खाताना दाखवायचं होतं. साडेपाच वाजले, सहा वाजले, दिवे लागले. तो बिचारा काचेवर तोंड आपटत होता. शेवटी सातला मी जवळा टाकला आणि त्यानं एका दमात सगळा खाल्ला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा थांबून पाहिलं. तिसऱ्या दिवशीही.

आता पुन्हा पाचलाच घालते. त्याला कशाला उपाशी ठेवायचं.